बुलपेनचं दार उघडलं की... (प्लेऑफ बेसबॉल, गाणी आणि सिनेमे)

बोथेलकर

अमेरिकन बेसबॉलची २०२५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, संपली, लॉस एंजेलिसचे डॉजर्स सलग दुसऱ्यांदा जिंकले, ऑफिसात लोक कामाला लागले. माझ्या डोक्यातून मात्र सिअॅटलचा पिचर एडुआर्ड बझार्डो अजून जात नाही, म्हणून हा धागा. बेसबॉलशी देणंघेणं नसलेल्यांनीही यावं, पुढे गाणी आणि सिनेमेही आहेत.

माझं म्हणणं असं. प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची) मॅच जिंकवतो किंवा घालवतो तो रिलिव्हर, म्हणजे मधेच येऊन चेंडू टाकणारा पिचर, आणि बेसबॉलच्या सिनेमांत नेमका हाच माणूस जवळजवळ गायब असतो. सिनेमावाल्यांना फटका मारणारा लागतो. रिलिव्हरच्या वाट्याला आलंय ते एक गाणं, तेही मैदानात शिरेपर्यंतचं.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडं बैजवार. पिचर एकदा बाहेर काढला की त्या मॅचमध्ये तो परत पिचिंगला येत नाही (डॉजर्सचा ओहतानी पिचिंग-बॅटिंग दोन्ही करतो, त्याच्यासाठी वेगळी कलमं आहेत, ती सोडा). नऊ इनिंगांपैकी पाच-सहा सुरुवात करणारा, म्हणजे स्टार्टर, ओढतो. मग कडेच्या जाळीमागे, म्हणजे बुलपेनमध्ये, जी मंडळी बसलेली असतात त्यातले एकेक जण यायला लागतात. शेवटची इनिंग टाकतो तो क्लोजर. २०२० पासून आलेल्या पिचरला किमान तीन बॅटर तरी खेळवावे लागतात, नाहीतर इनिंग संपवावी लागते, त्यामुळे एका बॅटरपुरता माणूस आणून लगेच काढायची सोय गेली. डगआउटमधून (संघ बसतो तिथून) बुलपेनला एक फोन असतो. १६२ मॅचच्या सीझनमध्ये एखादा फोन चुकला तर फार बिघडत नाही. ऑक्टोबरात एका फोनवर वर्ष जातं.

आता बझार्डो. २० ऑक्टोबर, सोमवार, लक्ष्मीपूजन. सिअ‍ॅटल विरुद्ध टोरंटो, सातवी मॅच, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. आमच्या वेळेनुसार पाचला सुरू, म्हणजे नेमकी पूजेच्या तोंडावर. चौरंग मांडलेला, त्यावर दुकानातली पिवळी शेवंती, मागे टीव्ही म्यूट. हुलिओ रॉड्रिगेझ आणि कॅल रॅलीचे होमरन (बेसबॉलचा सिक्सर) होऊन आम्ही, म्हणजे सिअॅटलचे मॅरिनर्स, ३-१ ने पुढे. सातव्या इनिंगला ब्रायन वूने दोघांना बेसवर जाऊ दिलं, पुढच्याने बंट करून (चेंडू नुसता हलकेच अडवून) त्यांना सरकवलं. आता टोरंटोचा जॉर्ज स्प्रिंगर. म्हटलं मुन्योस येणार, आमचा क्लोजर, वेळ तीच आहे. मॅनेजर डॅन विल्सनने फोन केला तो बझार्डोसाठी. बायको म्हणाली, "आरती घ्यायची ना?" मी 'हो' म्हणेपर्यंत चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे. ४-३. त्या आरतीत माझा आवाज 'जय देव'लाच बसला. लेकीने एकटीने ओढून नेली.

मॅरिनर्स १९७७ पासून खेळतायत. तीस संघांत एकदाही वर्ल्ड सिरीज न खेळलेला हा एकच संघ. रॅलीने यंदा ६० होमरन मारले, कॅचर असून! पण हिवाळाभर इथे चर्चा होणार ती विल्सनच्या त्या फोनची.

आणि हे फक्त आमचंच नाही. त्याआधी फिलाडेल्फियाचं बघा. डॉजर्सविरुद्ध चौथी मॅच, अकरावी इनिंग, बेस भरलेले, दोन आउट. ओरायन कर्करिंगकडे साधा घरंगळत आलेला चेंडू. पहिल्या बेसवर फेकला असता तर इनिंग संपत होती. तो हातात चाचपडला, गडबडीत होम प्लेटकडे फेकला तो कॅचरच्या आवाक्याबाहेर. सीझन संपला. तोही रिलिव्हरच.

गाण्यांकडे येतो. १९९८ ला सॅन डिएगोत ट्रेव्हर हॉफमन शेवटच्या इनिंगला यायला लागला की एसी/डीसीच्या 'हेल्स बेल्स'ची घंटा वाजायची. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे यांकी तिथे वर्ल्ड सिरीज खेळायला गेले, तो माहोल त्यांच्या लोकांनी पाहिला, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कात मारियानो रिव्हेरासाठी मेटॅलिकाचं 'एंटर सँडमन' सुरू झालं. अलीकडचं म्हणजे एडविन डियाझचं, तो न्यूयॉर्कच्या मेट्सकडे होता तेव्हाचं, 'नार्को', ते ट्रम्पेटवालं. ऑगस्ट २०२२ मध्ये टिमी ट्रम्पेट स्वतः मैदानात येऊन वाजवून गेला. माझ्या मते डियाझचं सगळ्यांत भारी. घंटेने भीती वाटते, ट्रम्पेटने अंगात येतं.

या प्रथेचं एक मूळ मात्र सिनेमात आहे, आणि रिलिव्हरवरचा म्हणावा असा सिनेमाही तोच: 'मेजर लीग', १९८९. चार्ली शीनचा रिकी व्हॉन, नियंत्रणाच्या नावाने बोंब, शेवटच्या मॅचला बुलपेनमधून निघतो आणि अख्खं स्टेडियम 'वाइल्ड थिंग' गायला लागतं. समोरचा दांडगा बॅटर झालाय पीट व्हुकोविच, तो खरा पिचर, १९८२ चा साय यंग (वर्षातल्या उत्तम पिचरचं बक्षीस) विजेता. सिनेमा क्लीव्हलँडचा, बरंचसं शूटिंग मिलवॉकीच्या स्टेडियममधलं. आणि शेवट होमरनने नाही, बंटने होतो. त्यासाठी दहा गुण जास्त.

खरी गोष्ट यापुढची. शिकागो कब्जकडे तेव्हा मिच विल्यम्स नावाचा क्लोजर होता, असाच सैराट टाकणारा. त्याला 'वाइल्ड थिंग' हे नाव चिकटलं, गाणंही आलं. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन त्याने व्हॉनचा ९९ नंबरही घातला. २३ ऑक्टोबर १९९३, वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, टोरंटोत. फिलीज ६-५ ने पुढे, नववी इनिंग, दोघं बेसवर, विल्यम्स पिच करतोय. जो कार्टरने डाव्या कोपऱ्यात चेंडू भिरकावला, ८-६, वर्ल्ड सिरीज खतम. सिनेमातल्या व्हॉनला तिसरा स्ट्राइक मिळाला होता.

बाकी सिनेमांवरची माझी मतं, झोडपा हवं तर. 'द नॅचरल' (१९८४) फक्त ऐकण्यासारखा. मूळ कादंबरीत हिरो शेवटी स्ट्राइक-आउट होतो; सिनेमाने होमरन मारायला लावून वर दिवे फोडले. 'फील्ड ऑफ ड्रीम्स' मला झेपत नाही. मक्याच्या शेतातून शूलेस जो येतो तो उजव्या हाताने बॅटिंग करतो, खरा शूलेस जो डावखुरा बॅटर होता, इथपासूनच माझं लक्ष उडतं. त्यापेक्षा 'एट मेन आउट' (१९८८) बघा. १९१९ ची वर्ल्ड सिरीज खेळाडूंनी पैसे घेऊन सोडली त्यावरचा. कोरडा आहे, पण प्लेऑफ मॅच हरताना माणसं कशी दिसतात हे त्यात बरोब्बर पकडलंय.

येऊ द्या.

---

फुलटॉस

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सावकाश.

---

मी_एडिसनकर

बोथेलकर, लिहिलंयस झकास, पण रिलिव्हरला फार डोक्यावर चढवलंस.

एक, 'एंटर सँडमन' रिव्हेराने निवडलेलं नाही. स्टेडियमच्या लोकांनी लावलं आणि चिकटलं. तो स्वतः धार्मिक गाणी ऐकणारा माणूस. २०१३ ला त्याच्या निरोपाच्या दिवशी मेटॅलिका मैदानात येऊन प्रत्यक्ष वाजवून गेली, हा तेवढ्या गंमतीने उभा. प्लेऑफमध्ये १४१ इनिंग, ४२ सेव्ह (आघाडी राखून संपवलेल्या मॅच) आणि ईआरए (नऊ इनिंगांमागे दिलेल्या रनांची सरासरी) ०.७०. हे आकडे मी देवघरात लावणार होतो, घरच्यांनी नाही म्हटलं.

दोन, २०२४ च्या वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच घे. आम्ही यांकीवाले ५-० ने पुढे, गेरिट कोल जबरदस्त टाकतोय, हा स्टार्टर बरं का. पाचव्या इनिंगला अ‍ॅरन जजने हातातला झेल सोडला, व्होल्पीने तिसऱ्या बेसला वाकडा फेकला, मग डॉजर्सच्या मूकी बेट्सचा मरतुकडा चेंडू पहिल्या बेसकडे गेला तर कोल कव्हर करायला धावलाच नाही. ५-५. शेवटी ६-७. यात कुठला फोन आणि कुठलं दार? प्लेऑफ फील्डिंगवर जातात. शाळेत पीटीचे सर सांगायचे तेच.

---

बोथेलकर

@एडिसनकर, पाचवी मॅच तुझी, मान्य. पण त्याच सिरीजची पहिली? दहावी इनिंग, यांकी ३-२ ने पुढे, आणि बुलपेनमधून नेस्टर कोर्तेस. हाताच्या दुखापतीमुळे महिन्याहून जास्त काळ मॅचमध्ये चेंडू न टाकलेला. पहिल्या चेंडूवर ओहतानी झेलबाद. बेट्सला न खेळवता मुद्दाम पहिल्या बेसवर चालत पाठवला. फ्रेडी फ्रीमनला पहिलाच चेंडू, आणि वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला मॅच संपवणारा पहिला ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असतानाचा होमरन). कोर्तेसने दोन चेंडू टाकले, दोनच. वर्ष गेलं. ती मॅच जिंकला असतात तर पाचवीला पाठीला भिंत लागलीच नसती.

---

मी_एडिसनकर

जखमेवर मीठ चोळायला हाच भेटला याला.

---

टोरंटोची_मावशी

बोथेलकरा, तुझ्या लक्ष्मीपूजनाचं वाचून वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आम्ही त्या रात्री शेजाऱ्यांना उठवलं होतं. स्प्रिंगरच्या गुडघ्यावर दोन मॅच आधी तुमच्याच वूचा चेंडू बसलेला, लंगडत खेळत होता बिचारा. देव बघतो.

मग देवाने आमच्याकडेही बघितलं. १ नोव्हेंबर, डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच. बो बिशेटने तिसऱ्या इनिंगला ओहतानीला तीन रनांचा होमरन मारला तेव्हा यजमानांनी फ्रिजमधून श्रीखंड काढून बाहेर ठेवलं. नवव्या इनिंगला आम्ही ४-३ ने पुढे, एक आउट झालेला, आणखी दोन हवे. पिच करतोय जेफ हॉफमन. (वरती घंटावाला हॉफमन आलाय तो हा नव्हे. नाव तेच, नशीब निराळं.) समोर डॉजर्सचा मिगेल रोहास, छत्तीस वर्षांचा, होमरनसाठी अजिबात प्रसिद्ध नसलेला. त्याने मारला. मी चहाचा कप धरून उभी होते ती उभीच.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा स्टार्टर यामामोतो, त्याने आदल्या रात्री ९६ चेंडू टाकले होते. दुसऱ्या दिवशी तो बुलपेनमधून आला आणि अडीच इनिंगांपेक्षा जास्त टाकून गेला. बेस भरलेले असताना रोहासनेच चेंडू पकडून होमला फेकला, माणूस पावलाच्या फरकाने आउट. मग अकराव्याला विल स्मिथचा होमरन, आणि आमच्या कर्कची बॅट तुटून डबल प्ले, एका चेंडूत दोघं आउट. ५-४. श्रीखंड दुसऱ्या दिवशी खाल्लं, आंबट लागलं.

१९९३ ला आम्ही इथे नवीनच होतो, नोकरी नाही, टीव्ही मैत्रिणीकडचा. कार्टरचा होमरन तिच्याकडेच पाहिला आणि या देशात राहायला हरकत नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मिच विल्यम्सचं काय झालं असेल हा विचार मात्र मनात आला नव्हता. तो आत्ता हॉफमनमुळे आला.

आणि गाण्यांच्या यादीत आमचं 'ओके ब्लू जेज' कुठाय? सातव्या इनिंगला उभं राहून हातवारे करत म्हणतात. चाल अगदी बालवाडीची आहे, तरी माझ्या नातवाला राष्ट्रगीताआधी ते पाठ झालं.

---

आगाऊ_कार्टा

सगळे चेंडू फुलटॉस, तरी दहातले सात वेळा बॅटर आउट. आणि त्याला म्हणे जागतिक मालिका. चालू द्या.

---

फुलटॉस

@आगाऊ, माझ्या आयडीला मधे आणू नका. आणि एकदा बॅटिंग केजमध्ये जाऊन ताशी नव्वद मैलांचं मशीन लावून बघा. मी लावलं होतं. चेंडू दिसतो तो मागच्या जाळीला आदळल्यावर.

---

निंबोणी

ओकलंडजवळच्या फ्रीमाँटहून लिहितेय, त्यामुळे ओकलंडच्या संघावरच्या 'मनीबॉल' (२०११) वर बोलायचा हक्क माझा.

बोथेलकर, रिलिव्हर सिनेमात नाही म्हणता, पण 'मनीबॉल'मधला सगळ्यांत खुसखुशीत प्रसंग कोणता? ओकलंडचा जनरल मॅनेजर झालेला ब्रॅड पिट एकापाठोपाठ एक फोन फिरवत रिकार्डो रिंकोनला पदरात पाडून घेतो तो. रिंकोन कोण? क्लीव्हलँडचा डावखुरा रिलिव्हर! आता गंमत अशी की अख्खा प्रसंग त्याच्यासाठी, आणि तो स्वतः जेमतेम. म्हणजे तुमचा मुद्दा खरा म्हणा की खोटा म्हणा. शिवाय चॅड ब्रॅडफर्ड आहेच, जमिनीला बोटं घासतील असा खालून टाकणारा. त्याला निदान थोडे संवाद तरी आहेत.

माझी तक्रार वेगळी. त्या २००२ च्या ओकलंडकडे झिटो, हडसन, मुल्डर असे तीन खणखणीत स्टार्टर होते. झिटोला त्या वर्षी साय यंग मिळालं, तेहादाला एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान. सिनेमा बघून वाटतं स्कॉट हॅटबर्ग आणि एक कॅल्क्युलेटर यांनीच वीस मॅच ओळीने जिंकल्या. आणि इतकं करून प्लेऑफला मिनेसोटाकडून पाच मॅचमध्ये गारद. ते मात्र सिनेमा दोन मिनिटांत उरकतो. तुमच्या प्रेमाचा प्लेऑफ तिथे चिमटीएवढा आहे.

गाण्याबद्दल: लेक गिटारवर 'द शो' गाते, शेवटी पिट गाडीत तेच ऐकतो. गोष्ट २००२ ची, लेंकाचं ते गाणं आलं २००८ ला. मला माहीत आहे, तरीही दर वेळी तिथे डोळे भरतात. वडील-मुलगी आणि गाडी, मी तेवढ्यावर पाघळते.

त्या स्टेडियमचं पुढे काय झालं ते सांगते. ओकलंडचा संघ २०२४ चा सीझन संपवून शहर सोडून गेला, सध्या सॅक्रामेंटोत मायनर लीगच्या मैदानावर खेळतो. आणि कोलिझियममध्ये यंदा जूनमध्ये चक्क क्रिकेट! मेजर लीग क्रिकेट, सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्स. आम्ही गेलो होतो. फिन अ‍ॅलनने ५१ चेंडूंत १५१ काढले, १९ सिक्स, टी-२० मधला विश्वविक्रम. काँक्रीटचा तो अवाढव्य सांगाडा, वरच्या रांगा ओस, खालच्या भागात निळे-भगवे टी-शर्ट आणि मागून कोणीतरी "अरे सिंगल काढ रे, मारतोस काय" म्हणून ओरडतोय. समोर अ‍ॅलन सिक्सवर सिक्स मारतोय आणि याला सिंगल हवी.

पार्किंगमध्ये मात्र एक म्हातारे गृहस्थ हिरवी-पिवळी टोपी घालून बसले होते. क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, नुसते जुन्या मैदानाला भेटायला आलेले. मी त्यांना नो-बॉल समजावून सांगितला. त्यांनी मला रिंकोन.

---

सूरपेटी

गाण्यांवर कोणी नीट बोलत नाहीये म्हणून मी.

'द नॅचरल' फक्त ऐकण्यासारखा, हे वाक्य बोथेलकरांनी लिहून सोडून दिलं. संगीत रँडी न्यूमनचं आहे. ब्रासचं ते चढत जाणारं वाक्य इतक्या क्रीडा-क्षणचित्रांखाली वाजलंय की सिनेमा न पाहिलेल्यालाही होमरन म्हटलं की तेच ऐकू येतं. आणि हाच न्यूमन 'आय लव्ह एल.ए.' (१९८३) चा कर्ता. डॉजर्स घरी जिंकले की लावतात ते. गाणं नीट ऐका, त्यात बेघर माणूस आहे, तिरकस आहे. पन्नास हजार लोक ते विजयगीत म्हणून नाचत म्हणतात. न्यूमन हसत असेल.

'टेक मी आउट टू द बॉल गेम' १९०८ चं. शब्द जॅक नॉरवर्थचे, चाल अल्बर्ट फॉन टिल्झरची, आणि लिहिताना या जोडीने मॅच पाहिलेली नव्हती असं सांगतात. सातव्या इनिंगला सगळे उभे राहून म्हणतात, आणि मॅच चौदाव्यापर्यंत लांबली तर पुन्हा एकदा म्हणायची प्रथा आहे. तीन-चारचा ठेका, म्हणजे वॉल्ट्झ. रटाळ मॅचमध्येही माणसं डुलतात ती त्यामुळे. बॉलपार्कमधला ऑर्गन शिकागोत रिग्लीवर १९४१ ला आला.

पण प्लेऑफ आणि संगीत म्हटलं की मला एकच प्रसंग मोठा वाटतो. १९६८, डेट्रॉइट, वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच. समालोचक अर्नी हारवेलने राष्ट्रगीतासाठी होजे फेलिसियानोला बोलावलं. वय तेवीस, दृष्टी नाही, हातात गिटार. त्याने ते सावकाश, ब्लूजच्या अंगाने, स्वर खेचत गायलं. लोक खवळले, स्टेडियममध्ये हुर्यो झाली, फोन खणाणले, रेडिओवाल्यांनी त्याची गाणी लावणं कमी केलं. आज ते रेकॉर्डिंग ऐकलं की कळत नाही चिडले कशाला. पुढे व्हिटनी ह्यूस्टनपासून प्रत्येकाने आपापल्या ढंगात गायलं, ते दार त्याने उघडलं. डेट्रॉइट ती सिरीज १-३ वरून ४-३ अशी जिंकलं, त्यामुळे अपशकुनाचा ठपका तरी टळला.

बोथेलकर, ट्रम्पेट भारी म्हणता, पण घंटेत एक गोष्ट आहे जी ट्रम्पेटमध्ये नाही: दोन ठोक्यांमधली शांतता. तबल्यातही समेआधीची जागाच माणसाला पुढे ओढते. तुमच्या डियाझच्या गाण्यात जागाच नाही.

---

चष्मिष

कोणीच 'मिलियन डॉलर आर्म' (२०१४) काढला नाही? बेसबॉल, सिनेमा आणि ए. आर. रहमान, तिन्ही एका ताटात!

उत्तर प्रदेशातली दोन पोरं, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेकवाले. २००८ ची एक टीव्ही स्पर्धा जिंकून अमेरिकेत गेली, पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. सिनेमा ठीकच. अर्ध्याहून जास्त वेळ एजंट जॉन हॅम कसा सुधारतो ते दाखवलंय, पोरं तोंडी लावायला. आणि चाचणीत पास झाल्यावर संपतो. रिंकू त्यानंतर काही वर्षं मायनर लीगमध्ये टाकत होता, बहुतेक रिलिव्हर म्हणून! मग कोपर गेलं. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून ओळखला जायला लागला. बोथेलकर, तुमचा सिनेमा खरं म्हणजे तिथून सुरू होतो जिथे डिस्नेने पडदा पाडला.

---

कोपरखैरणे

आमच्याकडे वर्ल्ड सिरीज सकाळी साडेपाचला सुरू होते, दूधवाल्याच्या वेळेला. २ नोव्हेंबरचा रविवार आयुष्यात विसरणार नाही. पहाटे उठून टोरंटोची सातवी मॅच लावली, ती नाश्ता होऊन गेला तरी संपेना. यामामोतोचा डबल प्ले बघितला, आंघोळ केली, आणि डी. वाय. पाटीलला. महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल. पावसाने सुरू व्हायला पाच वाजवले, आम्ही प्लास्टिकच्या पिशव्या डोक्यावर घेऊन बसलो.

बोथेलकरांचा मुद्दा मला तिथे पटला. भारत २९८. दक्षिण आफ्रिका बऱ्यापैकी चाललेली, वोल्वार्ट जमलेली. हरमनप्रीतने चेंडू दिला शफालीला! शफाली म्हणजे ८७ काढून आलेली ओपनर, मुळात संघातही नव्हती, प्रतीका रावल जखमी झाली म्हणून बोलावलेली. शेजारचा काका म्हणाला, "ही काय आता गल्ली क्रिकेट खेळणार का?" तिने सुने लूस काढली, पाठोपाठ मॅरिझॅन कॅप काढली. काका उभा राहून शिट्ट्या. पुढे दीप्तीने पाच घेतल्या, ५२ धावांनी जिंकलो, पण मॅच वळली ती त्या बोलावण्यावर.

विल्सन आणि हरमनप्रीत, दोघांनी एकच केलं: ज्याची अपेक्षा नव्हती त्याला बोलावलं. एकाला वर्षभर शिव्या, दुसरीची मिरवणूक. आमच्याकडे गाणं म्हणाल तर डीजेने 'चक दे' लावलं, दुसरं काय लावणार. पण त्याआधी विकेटनंतरच्या मधल्या वेळात मागच्या रांगेतल्या पोरींनी ढोल आणलेला, आणि शफालीच्या दुसऱ्या विकेटला तो फाटला.

---

बोथेलकर

@कोपरखैरणे, हे फारच भारी. शफालीचं उदाहरण मी आता ऑफिसात वापरणार, समजणार कोणाला नाही ते सोडा.

@निंबोणी, रिंकोनचा प्रसंग माझ्याच बाजूचा धरतो. माणूस हवा म्हणून चार फोन, आणि मिळाल्यावर कॅमेरा दुसरीकडे.

@सूरपेटी, घंटेतल्या शांततेचं पटलं, पण पन्नास हजारांत उभं राहून ट्रम्पेट ऐका मग बोलू.

आता माझ्या डोक्यातला सिनेमा सांगतो. यंदाच्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच, डॉजर स्टेडियम, १८ इनिंग. नेहमीच्या सीझनमध्ये दहाव्यापासून दुसऱ्या बेसवर फुकटचा माणूस ठेवतात, प्लेऑफला ती सवलत नाही, त्यामुळे मॅच रबरासारखी ताणली. साडेसहा तासांच्या वर. ओहतानी नऊ वेळा बेसवर पोहोचला, दोन होमरन, तो सगळा सिनेमा त्याच्यावर काढतील. मला काढायचाय डॉजर्सच्याच विल क्लाइनवर. बुलपेनमधला शेवटचा उरलेला माणूस. त्याच्यामागे दार उघडलं तर आत कोणी नाही. त्याने चार इनिंग टाकल्या, ७२ चेंडू, एक रन दिली नाही. मग फ्रीमनने होमरन मारला आणि कॅमेरा अर्थातच फ्रीमनवर.

---

मी_एडिसनकर

क्लाइन जिंकला रे, त्यात काय सिनेमा. २०१८ चा नेथन ओव्हाल्डी घे. तेच स्टेडियम, तिसरीच मॅच, अठराच इनिंग. बॉस्टनचा पुढच्या मॅचचा स्टार्टर, बाराव्याला आला आणि सहा इनिंगांवर टाकत राहिला, ९७ चेंडू. शेवटी मन्सीने होमरन मारला आणि हरला. बॉस्टनने सिरीज मात्र ४-१ ने घेतली, आणि तिथले लोक आजही त्या पराभवासाठी त्याला ओवाळतात. हे मी, यांकीवाला, लिहितोय, यावरून समजून घे.

बॉस्टनवरून आठवलं. 'फीव्हर पिच' (२००५). सिनेमा लिहिला तेव्हा रेड सॉक्स नेहमीप्रमाणे हरणार असं धरलेलं. २००४ ला ते आमच्याविरुद्ध ०-३ वरून उठले, चौथ्या मॅचला रिव्हेरासमोर डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला (हाच आता डॉजर्सचा मॅनेजर), आणि वर्ल्ड सिरीज जिंकून बसले. सिनेमावाल्यांना शेवट बदलावा लागला, ड्रू बॅरीमोर आणि जिमी फॅलन सेंट लुईसच्या खऱ्या जल्लोषात मैदानात घुसले. रोमँटिक कॉमेडीतसुद्धा आमचीच हार.

---

चष्मिष

+१ ओव्हाल्डी. पण संगीत रहमानचंच हवं.

---

सूरपेटी

रहमान नको. नुसता ऑर्गन ठेवा, आणि तोही चौदाव्या इनिंगनंतर बंद.

---

टोरंटोची_मावशी

अरे पोरांनो, जिंकलेल्यांवर आणि ओवाळलेल्यांवर कशाला काढताय? हरलेल्यावरच काढायचा असेल तर आमच्या हॉफमनवर काढा. दोन आउट हवे होते फक्त. मी तिकीट काढणार नाही, आधीच सांगते. यजमान जातील.